कलायखंज : एका अन्नजन्य वातव्याधीच्या इतिहासाचीं साधनें

वैद्यकाच्या पोथ्या आपल्याकडील जुन्या घरांतून विपुल सांपडतात. परंतु सनदा, महजर व राजकीय पत्रें यांच्या शोधांत असलेल्या संग्राहकास त्यांचें विशेष अगत्य वाटत नाहीं. बाड उघडून काढे, चूर्णें व तैलें यांचे पाठ दिसले कीं तें बाजूस ठेवण्याचीच रीत फार. त्यांत इतिहासाचें साधन म्हणून कांहीं असेल, अशी अपेक्षाच बहुधा नसते. प्रस्तुत लेखांत ‘कलायखंज’ या एकाच रोगनामाचा मागोवा घ्यावयाचा आहे. गोरगरिबांच्या ताटांत काय पडत होतें, दुष्काळांत तें कसें बदललें आणि त्याचा भोग कोणाच्या वांट्यास आला, या गोष्टींचा पुरावा वैद्यकाच्या पोथींतहि असूं शकतो, हें त्यावरून दिसून येईल. मात्र तो पुरावा एका पोथींत मिळत नाहीं. निदानाचा ग्रंथ, द्रव्यगुणाचा निघंटु आणि दुष्काळाचे कागद हीं तिन्ही साधनें एकत्र वाचलीं, तरच त्याची संगति लागते.

१. वातव्याधि

ज्यांना आज मज्जासंस्थेचे विकार म्हणतात, त्यांपैकीं बरेचसे प्राचीन वैद्यांनीं ‘वातव्याधि’ या एका सदराखालीं घातले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत विसाव्या अध्यायांत वाताचे ८०, पित्ताचे ४० व कफाचे २० विकार गणले आहेत. पैकीं वाताच्या यादींत गृध्रसी, अर्दित, आक्षेपक, एकांगरोग इत्यादि नांवें येतात. याच संहितेच्या चिकित्सास्थानांतील वातव्याधीचा अठ्ठाविसावा अध्याय मात्र चक्रपाणीच्या गणनेप्रमाणें दृढबलानें पुरविलेल्या भागांत पडतो. तेव्हां एकाच संहितेंतील या दोन स्थळांचा काळ एक धरून चालणार नाहीं. सुश्रुतसंहितेंत निदानस्थानाचा पहिलाच अध्याय वातव्याधींचा आहे, यावरून त्या विषयास किती महत्त्व दिलें होतें तें कळतें.

येथें एक सावधगिरी बाळगणें अवश्य आहे. ‘मज्जातंतु’ हा शब्द अर्वाचीन आहे. जुन्या ग्रंथांतील स्नायु, सिरा, धमनी किंवा कंडरा यांपैकीं कोणताहि शब्द घेऊन ‘हेच ते मज्जातंतु’ असें म्हणणें शास्त्राला धरून नाहीं. परंतु शरीरांतील या तंतूंचें ज्ञान नव्हतें, म्हणून रोग्याचें निरीक्षणहि उणें होतें, असें समजणें तितकेंच चुकीचें होईल. सुश्रुतानें अपतानकाविषयीं जें सांगितलें आहे तेंच पाहा. गर्भपातानंतर होणारा, अतिरक्तस्रावानंतर होणारा आणि आघातानंतर होणारा अपतानक बरा होत नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. प्रसूतिदोषानें किंवा जखमेनें होणाऱ्या धनुर्वातानें किती माणसें दगावत, हें ज्यांनीं जुन्या पिढीच्या तोंडून ऐकलें आहे, त्यांना या वाक्याची सत्यता निराळी पटवून द्यावयास नको. अर्दितांत म्हणजे तोंड वांकडें होण्याच्या विकारांत, ज्या रोग्याची पापणी मिटत नाहीं आणि ज्याच्या विकारास तीन वर्षें लोटलीं, तो असाध्य, असेंहि त्यानें म्हटलें आहे. वर्षांची ही मोजणी रोग्यांकडे दीर्घकाळ लक्ष ठेवल्याखेरीज करतां येत नाहीं.

अशा निरीक्षकांनीं कलायखंजाचें वर्णन केलें आहे, हें ध्यानांत ठेवून आपण मूळ विषयाकडे वळूं.

२. निदानग्रंथांतील वर्णन

सुश्रुताच्या त्याच अध्यायांत खंज, पंगु व कलायखंज हे तीन विकार लागोपाठ सांगितले आहेत. कमरेचा आश्रय केलेला वायु मांडीच्या कंडरेस आखडवितो तेव्हां मनुष्य खंज होतो, आणि दोन्ही मांड्या निकामी झाल्या म्हणजे पंगु होतो. यापुढें कलायखंजाचें लक्षण असें : रोगी पाऊल उचलूं लागतांच थरथरतो, लंगडल्यासारखा चालतो, व त्याच्या सांध्यांचीं बंधनें सुटलेलीं असतात. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या निदानस्थानांत हेंच वर्णन घेतलें असून, कंप चालण्याच्या आरंभीं होतो हें अधिक स्पष्ट केलें आहे. माधवनिदानांतहि हा विकार आला असल्यामुळें तो वैद्यांच्या नित्य पाठांत राहिला. चरकाच्या ऐंशींच्या यादींत मात्र खंजत्व व पांगुल्य हीं नांवें आहेत, कलायखंज नाहीं.

या वर्णनांत लक्षण आहे, दोष आहे, पण कारण नाहीं. ‘कलाय’ हें एका कडधान्याचें नांव. मग तें रोगाच्या नांवांत कां आलें? लक्षणश्लोक याचें उत्तर देत नाहीं. रोगाचें नांव ठेवणाऱ्यास कारण ठाऊक असावें आणि तें सर्वांसच ठाऊक असल्यामुळें श्लोकांत सांगण्याची गरज वाटली नसावी, असा तर्क करण्यास जागा आहे. वाग्भटाचें उदाहरण तर फारच बोलकें आहे. त्याच्या सूत्रस्थानांत अन्नाच्या प्रकरणीं कलाय अतिशय वातकर असल्याचें सांगितलें आहे. त्याच ग्रंथाच्या निदानस्थानांत कलायखंजाचें वर्णन आहे. परंतु या दोन स्थळांना जोडणारा शब्द कोठेंहि नाहीं. कारण एका प्रकरणांत आणि कार्य दुसऱ्या प्रकरणांत, अशी ही वांटणी पुढील सर्व घोटाळ्याचें मूळ होय.

३. कलाय म्हणजे कोणतें धान्य?

आजचा कोणताहि कोश उघडला तर कलाय म्हणजे वाटाणा असा अर्थ सांपडेल, आणि त्यास अमरकोशाचा आधारहि आहे. अमरानें कलाय, सतीनक व हरेणु हे पर्याय दिले आहेत. परंतु वाटाणा आपण पिढ्यान् पिढ्या ओला व वाळलेला खात आलों. त्यानें पांगळा झालेला मनुष्य कोणी पाहिला नाहीं. म्हणजे कोशाचा अर्थ घेतला तर रोगाचें नांव निरर्थक ठरतें.

या ठिकाणीं चरकाच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसावा, अन्नपानाचा अध्याय उपयोगी पडतो. तेथें चणक, मसूर, खंडिक व हरेणु या चार धान्यांचे समान गुण प्रथम सांगितले आहेत, आणि लगेच ‘यांपैकीं’ असें म्हणून मसूर हा ग्राही व कलाय हा सर्वांत वातकर, असा भेद केला आहे. गंमत अशी कीं, मागील चार नांवांत ‘कलाय’ हें नांव नाहीं. तेव्हां ‘यांपैकीं’ या पदाची संगति लावावयाची तर कलाय हें खंडिक व हरेणु यांपैकीं कोणाचें तरी दुसरें नांव असलें पाहिजे. अमराच्या मतें तें हरेणूचें. पण पुढील परंपरेंत कलायाचे त्रिपुट म्हणजे तीन कोनांचा आणि वर्तुल म्हणजे वाटोळा असे दोन भेद मानलेले आढळतात. त्यावरून कलाय हा शब्द एके काळीं या दोन्ही धान्यांस लागू होता, असें म्हणतां येतें.

या कोड्याची किल्ली इसवी सनाच्या सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत आहे. त्याच्या निघंटुभागांत कलाय म्हणजे वाटोळा, सतीन, हरेणुक असें सांगून त्रिपुट हें धान्य अगदीं निराळें दिलें आहे, आणि त्रिपुटाचा पर्याय म्हणून ‘खंडिक’ हाच शब्द दिला आहे. त्रिपुटाचे गुण सांगतांना तें मधुर, तिक्त, तुरट व रूक्ष आहे, कफपित्ताचें हरण करतें, रुचकर, ग्राही व शीतल आहे, असें क्रमानें म्हटलें आहे. आणि अखेरीस ‘परंतु’ या अर्थाचें पद घालून, तें मनुष्यास लंगडा व पांगळा करतें व वाताचा अत्यंत प्रकोप करतें, असें बजावलें आहे. खाद्यधान्याच्या गुणवर्णनांत इतका स्पष्ट इशारा क्वचितच आढळतो.

आतां चरकांतील खंडिक, भावमिश्राचा त्रिपुट आणि रोगनामांतील कलाय यांची सांखळी जुळते. हें त्रिपुट म्हणजे हिंदी मुलखांतील खेसारी किंवा तिवडा, व आपल्या पूर्व विदर्भांतील लाख अथवा लाखोळी. तिचा दाणा वाटाण्यासारखा गोल नसून कोनदार, चेपलेला असतो. तेव्हां त्रिपुट हें नांव डोळ्यांनीं पाहून ठेवलेलें आहे. प्रस्तुत लेखकाचा तर्क असा कीं, आरंभीं कलाय हा शब्द दोन्ही धान्यांस व्यापून होता व त्या काळीं रोगाचें नांव पडलें. पुढें शब्दाचा अर्थ आकुंचित होऊन तो वाटाण्यापुरता उरला. रोगाचें नांव मात्र जुनेंच राहिलें. परिणाम असा झाला कीं, निदान शिकणाऱ्यास रोगाच्या नांवांत वाटाणा दिसूं लागला, आणि खरें कारण निघंटूंत त्रिपुटाच्या नांवाखालीं पडून राहिलें. जो दोन्ही ग्रंथ उघडील त्यासच तें सांपडावयाचें.

४. एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेतां येईल कीं, लाखोळीच्या विकाराचें आजचें वर्णन सुश्रुताच्या वर्णनाशीं सर्वस्वीं जुळत नाहीं. या विकारांत मेरुरज्जूंतून पायांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या आज्ञेचा मार्ग दुखावतो. पाय ताठ होतात, टांचा टेकत नाहींत, गुडघे वांकून एक पाय दुसऱ्यापुढें आडवा येतो, आणि उभें राहून चालूं लागतांना थरकांप होतो. बुद्धि शाबूत राहते, आणि पायांची संवेदना बहुधा जात नाहीं. कंप व लंगडणें हीं दोन लक्षणें येथें बरोबर उतरतात. परंतु ‘सांध्यांचीं बंधनें सुटणें’ हें ताठ पायांशीं कसें जुळावें?

आक्षेप वजनदार आहे व तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्यास दोन उत्तरें संभवतात. एक, वैद्यानें सांधा हातानें चाचपून नव्हे, तर डगमगती चाल दुरून पाहून हें विशेषण योजिलें असावें. ज्याचीं पावलें ठरल्या जागीं पडत नाहींत त्याचे सांधे निखळले आहेत, असें पाहणारास वाटणें साहजिक आहे. दुसरें, विकाराच्या आरंभीं पायांत जो अशक्तपणा येतो, त्याचें हें वर्णन असावें. यांपैकीं पहिलें अधिक संभवनीय वाटतें, कारण संपूर्ण श्लोक चालण्याविषयींच आहे. तथापि पाठाची तपासणी झाली पाहिजे. सुश्रुतसंहितेची इ. स. ८७८ ची ताडपत्रावरील प्रत काठमांडू येथील केसर ग्रंथालयांत आहे. छापील आवृत्तीचा पाठ अशा प्राचीन प्रतीशीं व दक्षिणेंतील पोथ्यांशीं ताडून पाहिल्यावरच या विशेषणावर शेवटचा शब्द बोलणें योग्य होईल. संशोधकांनीं हें काम अंगावर घेण्यासारखें आहे.

५. सागर प्रांतांतील अनर्थ

निदान व निघंटु यांतून जें अनुमान निघतें, त्यास प्रत्यक्षाचा आधार तिसऱ्या साधनांत मिळतो. सागर प्रांत हा मराठ्यांच्या इतिहासांत परिचित आहे. गोविंदपंत बुंदेले यांनीं तेथें ठाणें केलें, आणि १८१८ सालीं तो मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यानंतर अवघ्या दहा-पंधरा वर्षांत तेथें जो अनर्थ घडला, त्याची हकीकत विल्यम स्लीमन या इंग्रज अंमलदारानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथांत दिली आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळें हा मनुष्य प्रसिद्ध आहेच. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्याचीं हीं दोन-तीन पृष्ठें अधिक मोलाचीं आहेत.

त्याच्या सांगण्याचा सारांश असा : १८२९ सालीं गव्हाचें पीक गारांनीं नासलें, १८३० सालीं वेळेवर पाऊस न झाल्यानें तें उणें आलें, १८३१ सालीं त्यावर तांबेरा पडला. या तिन्ही वर्षांत गव्हांत आपोआप उगवणारा तिवडा मात्र टवटवीत राहिला. एरवीं तो गुरांना ओला-वाळला घालीत. १८३१ सालीं करपलेल्या गव्हाच्या शेतांतून लोकांनीं तिवड्याचें भरघोस पीक काढलें, दाणे स्वतः खाल्ले व गुरांना नुसता पाला-काड ठेवला. त्या वर्षीं व पुढील वर्षीं हेंच त्यांचें मुख्य अन्न होतें. १८३३ पासून तीस वर्षांच्या आंतील तरुणांचे पाय कमरेखालीं अकस्मात् लुळे पडूं लागले. १८३३ व १८३४ या दोन सालांत एका खेड्यांतील सुमारें निम्मे तरुण स्त्रीपुरुष या विकारानें धरले. १८३४ नंतर नवा रोगी झाला नाहीं. पण एकदां धरलेला मनुष्य बरा झाल्याचेंहि आढळलें नाहीं. स्लीमनचा मुक्काम पडला तेव्हां अशा तरुणांची त्याच्या तंबूभोंवतीं गर्दी झाली होती व तीं उपाय विचारीत होतीं.

या हकीकतींतील प्रत्येक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. धान्य खाण्यास आरंभ व रोगाचा आरंभ यांत दीर्घ काळाचें अंतर पडलें. म्हणून कार्यकारणभाव सहज ध्यानांत येत नाहीं. पीक एकदां बुडून हा अनर्थ झाला नाहीं, तीन वर्षें लागोपाठ बुडल्यानें झाला. लाखोळी मधून मधून थोडी खाल्ल्यानें मनुष्य पांगळा होत नाहीं. दोन-तीन महिने वा अधिक काळ तीच मुख्य अन्न झाली म्हणजे विकार होतो. तो भरल्या घरांत होत नाहीं. म्हणून हा रोग दारिद्र्याचा व दुष्काळाचा मापदंडच म्हणावा लागतो.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशाची नव्हे. ग्रीक वैद्य हिपॉक्रटीस याच्या नांवावर असलेल्या ग्रंथसमुच्चयांत, ऐनोस येथें सतत कडधान्यें खाऊन राहिलेल्या लोकांचे पाय अधू झाल्याचा उल्लेख आहे. १६७१ सालीं व्युर्टेम्बर्ग संस्थानांत या जातीच्या धान्याचें पीठ भाकरींत घालण्यास मनाई झाली. १८७३ सालीं नेपल्स येथील कांतानी यानें या विकारास ‘लॅथिरिझम’ हें नांव दिलें. म्हणजे युरोपांतहि धान्याचेंच नांव रोगास पडलें, जसें तें आपल्याकडे कित्येक शतकें आधीं पडलें होतें.

६. पुढील काळ

नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांतांत १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत हा विकार पुन्हां उसळला. त्या प्रांतांतील १८९६ ते १९०२ या काळच्या रोग्यांविषयींचा अँड्र्यू ब्यूकॅनन यांचा अहवाल १९०४ सालीं छापला गेला. लाखोळीचें पीक टिकून राहण्याचें कारण तिच्या स्वभावांतच आहे. पाऊस ओढला तरी ती तग धरते, शेतांत पाणी तुंबलें तरी सहसा मरत नाहीं. भात कापण्यापूर्वींच उभ्या भातांत बीं फेंकून दिलें तरी उगवते. या पद्धतीस धानाच्या मुलखांत उतेरा म्हणतात. नांगरट नाहीं, खर्च नाहीं. म्हणून धान्य स्वस्त. आणि स्वस्त म्हणून तेंच मजुराच्या वांट्यास. रेवा व सतना या भागांत वेठबिगारीच्या गड्यांना मजुरी म्हणून खेसारीच मापून देण्याची चाल विसाव्या शतकांतहि होती. मालकाच्या घरीं गहूं आणि गड्याच्या घरीं खेसारी, अशा एकाच गांवांत मालक चालत राहिला व गडी काठीवर आला. या रोग्यांची पाहणी करणाऱ्यांनीं त्यांचे वर्गहि तसेच पाडले आहेत : काठीवांचून चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटीं रांगणारा.

विषाचा उलगडा होण्यास १९६४ साल उजाडलें. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील राव, अडिग व शर्मा यांनीं लाखोळीच्या दाण्यांतून मज्जातंतूंस घातक असें एक अम्लद्रव्य वेगळें काढलें. त्यास संक्षेपानें ‘ओडॅप’ म्हणतात. तत्पूर्वीं १९६१ सालींच या धान्याच्या विक्रीवर कायद्यानें निर्बंध घातला गेला होता, परंतु सर्व राज्यांनीं तो अमलांत आणला नाहीं. दाणे भिजवून वा उकडून तें पाणी टाकून दिलें असतां विषाचा बराच अंश निघून जातो. आणि पुढें ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ अशीं अल्पविषाचीं वाणेंहि शेतकीशास्त्रज्ञांनीं काढलीं. परंतु ज्याचे पाय एकदां गेले, त्यास ते परत देणारें औषध अद्यापि नाहीं. स्लीमनच्या तंबूभोंवतीं जमलेल्या तरुणांना जें उत्तर मिळालें नाहीं, तें आजहि मिळूं शकत नाहीं. या रोगाचा उपाय स्वयंपाकघरांत व धान्याच्या कोठारांतच करावा लागतो.

७. उपसंहार

या विवेचनाचें तात्पर्य दुहेरी आहे. पहिलें, प्राचीन वैद्यकाची परीक्षा करतांना आजचे शब्द त्याच्या तोंडीं घालूं नयेत, आणि त्याचें निरीक्षण अडाणीपणाचें म्हणून टाकूनहि देऊं नये. सुश्रुतास मेरुरज्जूंतील मार्ग ठाऊक नव्हते. पण पाऊल उचलतांना थरथरणारा मनुष्य त्याच्या परंपरेनें पाहिला होता, आणि भावमिश्रास ओडॅप ठाऊक नसतांहि कोणतें धान्य पाय घेतें हें पक्कें ठाऊक होतें. रोगाच्या नांवांत लपलेलें ज्ञान व निघंटूंत लिहिलेला इशारा हे दोन्ही सागरच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोंचले नाहींत, हाच यांतील खरा खेदाचा भाग होय. ज्ञान पोथींत असणें निराळें आणि तें भुकेल्याच्या दारीं पोहोंचणें निराळें.

दुसरें तात्पर्य संग्राहकांसाठीं आहे. निघंटूची पोथी हातीं आली तर धान्यवर्गाचीं पानें अवश्य पाहावीं. त्रिपुट, खंडिक, कलाय व सतीन यांच्या शेजारीं समासांत कोणी देशी नांव लिहून ठेवलें असेल तर तें उतरून घ्यावें, कारण कोणत्या मुलखांत कोणत्या शब्दानें कोणतें धान्य ओळखीत, हें अशा एका ओळीनेंच ठरतें. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं हरभऱ्यासारख्या साध्या धान्याचा इतिहास लिहून ही वाट घालून दिली आहे. तसेंच खाजगी दफ्तरांतील धान्याच्या भावाच्या यादी, मुशाहिऱ्याचे व बलुत्याचे हिशेब, शेतगड्यास मापून दिलेल्या दाण्यांच्या नोंदी हे कागद रद्दी समजून टाकूं नयेत. ज्या हिशेबांत एका वर्षीं गव्हाच्या किंवा तांदुळाच्या जागीं लाख दिसूं लागते, तो हिशेब पुढील दोन वर्षांत त्या गांवीं काय झालें असेल हेंहि सांगून जातो. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला त्रैमासिकाकडे पाठवाव्या, अशी विनंति आहे. राजांच्या पत्रांवरून राज्यें कशीं चाललीं तें कळतें. गडी कसा चालत होता, आणि तो चालावयाचा कां थांबला, तें या कागदांवरूनच कळावयाचें आहे.